शेअर, सातबारा आणि डोंबिवलीचा फ्लॅट : नॉमिनी कोण, वारस कोण?



आडसालीची लागण कोणत्या तारखेला झाली, खताचा दुसरा डोस कधी पडला, तोड कधी येणार, हे आपल्याला तोंडपाठ असते. उसाची नोंद कारखान्याकडे झाली की नाही, हे पाहायला आपण चार हेलपाटे मारतो. पण आपल्या माघारी आपला शेअर, जमीन, बँकेतील ठेव आणि मुलाने शहरात घेतलेले घर कोणाच्या नावावर जाणार, याची नोंद मात्र कोणी करीत नाही. कोणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेले, "नॉमिनी लावलाय की! आणखी काय पाहिजे?"

या उत्तरातच सगळी गफलत आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे आणि मालकही नव्हे. एवढी एक गोष्ट सभासदांच्या घराघरांत पोहोचावी, यासाठी हा लेख.

गावचा ऊस आणि शहरातले घर

पूर्वी आपली मालमत्ता एकाच शिवारात असे. जमीन, विहीर, गोठा, घर आणि कारखान्याचा शेअर. वाटणी करायची तर पाच माणसे पारावर बसवली की काम भागे. आता तसे राहिलेले नाही. वागळे इस्टेटच्या आणि डोंबिवली एमआयडीसीच्या कारखान्यांत, रेल्वेत, माथाडीत, पोलिसात नोकरीला गेलेली आपली मुले तिकडेच स्थायिक झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, दिवा, बदलापूर या पट्ट्यात त्यांनी घरे घेतली. त्यातल्या कित्येक घरांत उसाच्या बिलाचा पैसा आहे. थोरल्याने कर्ज काढले, बापाने दोन हंगामांचे बिल दिले, आईने पाटल्या मोडल्या, तेव्हा कुठे फ्लॅट उभा राहिला.

म्हणजे एकाच कुटुंबाची मालमत्ता आता तीन ठिकाणी आहे आणि तीन वेगवेगळ्या दप्तरांत लिहिलेली आहे. जमीन महसूल खात्याच्या दप्तरात, शेअर कारखान्याच्या दप्तरात आणि फ्लॅट गृहनिर्माण सोसायटीच्या व दुय्यम निबंधकाच्या दप्तरात. प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा. माणूस गेल्यावर घरच्यांना तिन्ही दारे ठोठवावी लागतात.

नॉमिनी म्हणजे नेमके कोण?

नॉमिनी म्हणजे आपल्या माघारी संस्थेने ज्याच्याशी व्यवहार करायचा, ज्याच्या हाती रक्कम किंवा शेअर सोपवायचा, तो माणूस. संस्थेने नॉमिनीला पैसे दिले की संस्थेची जबाबदारी संपली. पण नॉमिनीची जबाबदारी तिथे सुरू होते. त्याने ती रक्कम खऱ्या वारसांसाठी सांभाळायची असते. थोडक्यात, तो किल्ली सांभाळणारा आहे, वाड्याचा धनी नाही.

ही आमची मनची गोष्ट नाही. विम्याच्या पैशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातच असे सांगितले. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने गृहनिर्माण सोसायटीच्या फ्लॅटबाबत हेच म्हटले. बँकेतील ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे.

कंपन्यांचे शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्याबाबत मात्र बरीच वर्षे घोळ होता. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात नॉमिनीच मालक होतो असे मत आले होते. हा घोळ ज्या खटल्याने मिटला, तो एका घरोघरी माहीत असलेल्या माणसाच्या मालमत्तेसंबंधीचा आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. काही ठेवी आणि म्युच्युअल फंडातील रकमा यांवर नॉमिनी म्हणून नावे लावलेली होती. त्या रकमा नॉमिनीच्या मालकीच्या झाल्या की वारसांच्या, हा वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल झाला आणि शेवटी १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंपनीच्या शेअरबाबतही नॉमिनी मालक होत नाही. वारसाहक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरतो.

मालकाच्या निधनापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. जिथे मृत्युपत्र लिहिलेले होते, चांगले वकील होते, तिथे ही गत. मग ज्याच्या घरी कागदाचा चिटोराही नाही, त्याने काय समजावे?

विम्याचा मामला २०१५ पासून थोडा निराळा झाला आहे. कायद्यात दुरुस्ती होऊन पती-पत्नी, आईवडील किंवा मुले नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क मानला जाईल, अशी तरतूद आली. तिचा अर्थ लावताना न्यायालयांत मतभेद दिसतात. म्हणून विम्याची रक्कम कोणाला द्यायची तेही मृत्युपत्रात लिहिलेले बरे.

आपल्या कारखान्याचा शेअर

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद मयत झाल्यास त्याचा शेअर नॉमिनीच्या नावे वर्ग होतो. नॉमिनी लावलेलाच नसेल, तर संचालक मंडळाला जो वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी दिसेल त्याच्या नावे होतो. आता 'दिसेल' म्हटले की भांडण आले. थोरला म्हणतो शेती मी करतो, धाकटा म्हणतो माझाही वाटा आहे, बहिणी म्हणतात आम्हाला कोणी विचारलेच नाही. मग कार्यालय सर्वांची संमती मागते, न्यायालयाचा वारस दाखला मागते, आणि तोवर मयताचे नाव तसेच राहते. मेलेल्या माणसाला मत देता येत नाही. वार्षिक सभेत त्या घराचा आवाज उरत नाही, आणि शेअर व ठेवीची रक्कमही वारसांच्या हाती लवकर लागत नाही.

म्हणून शेअरला नॉमिनी लावाच. तो निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. नॉमिनीमुळे काम लवकर होते. फक्त त्यामुळे वाटणी होत नाही, एवढे लक्षात ठेवावे. आणि जुना नॉमिनी तपासावा. वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी लावलेला नॉमिनी स्वतःच हयात नाही, असेही घडते.

डोंबिवलीच्या फ्लॅटचा हिशेब

आता खरा मुद्दा. समजा, आपल्या एका सभासदाला दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला डोंबिवलीला नोकरीला. त्याने स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला, त्यात वडिलांनीही उसाचे पैसे घातले. नॉमिनी म्हणून बायकोचे नाव लावले. दुर्दैवाने हा मुलगा अपघातात गेला. मागे बायको, दोन लहान मुले आणि गावाकडे आईवडील. मृत्युपत्र नाही. फ्लॅट कोणाचा?

बहुतेक जण म्हणतील, बायकोचा. नॉमिनी तीच आहे ना!

हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. या सर्वांना सारखा वाटा. वर दिलेल्या घरात चार वारस झाले. बायको, दोन मुले आणि आई. प्रत्येकाचा चार आणे. गावाकडच्या म्हातारीचा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये चौथा हिस्सा आहे, हे तिलाही माहीत नसते आणि सुनेलाही. आणि वडील? ते पहिल्या वर्गात नाहीतच. पैसे त्यांनी दिले असले, तरी वारस म्हणून त्यांना काही नाही.

पुढे ऐका. काही वर्षांनी ती आईही मृत्युपत्र न करता वारली. तिचा चार आणे हिस्सा तिच्या वारसांत वाटला जातो. नवरा, धाकटा मुलगा, मुलगी, आणि मयत थोरल्याची दोन मुले मिळून एक वाटा. असे चार वाटे. म्हणजे फ्लॅटचे सोळा भाग धरले तर:

बायको — ४ भाग
दोन मुले मिळून — ९ भाग
आजोबा — १ भाग
काका — १ भाग
आत्या — १ भाग

उद्या त्या सुनेला फ्लॅट विकायचा झाला, तर आजोबा, काका, आत्या सगळ्यांच्या सह्या लागणार. मुले अज्ञान असतील, तर त्यांचा हिस्सा विकायला आईलाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कोणाच्याच मनात पाप नसले तरी एवढा गुंता. आणि मनात काही आले तर विचारूच नका.

मुलाने हयातीत एक पानी मृत्युपत्र केले असते, तर हे सारे टळले असते. फ्लॅट बायकोला द्यायचा, की आईच्या पोटापाण्याची काही सोय लावून मग द्यायचा, की वडिलांचे पैसे आधी फेडायचे, हे त्याला स्वतः ठरवता आले असते.

सोसायटी काय करते?

गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सहकार कायद्यात २०१९ साली स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्याप्रमाणे सभासद मयत झाल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. तेही कायदेशीर वारस सभासद होईपर्यंतच. कायमची नोंद व्हायची, तर मृत्युपत्र, न्यायालयाचा वारस दाखला किंवा सर्व वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थापत्राचा दस्त, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते.

दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तरी निश्चिंत होऊ नका. एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक होतो, हा गैरसमज आहे. मयताचा हिस्सा त्याच्या वारसांकडेच जातो.

कागदच खोटा असेल तर

मृत्युपत्र कितीही चांगले लिहिले, तरी जे आपले नाही ते कोणाला देता येत नाही. कल्याण-डोंबिवलीत हे फार मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट करून, त्यांच्या आधारे महारेराचा नोंदणी क्रमांकसुद्धा मिळवून ६५ इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून घर घेतलेली साधी नोकरदार माणसे रस्त्यावर येण्याच्या भीतीने हवालदिल झाली. रेराचा नंबर आहे, बँकेने कर्ज दिले आहे, म्हणजे सगळे ठीक, असे त्यांनी धरले होते.

मुलगा तिकडे घर घेत असेल, तर बयाणा देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगीचा नंबर खरा आहे का, हे समक्ष पाहावे. जमिनीचा सातबारा कसा वाचायचा हे शहरातल्या पोरांपेक्षा आपल्याला जास्त कळते; तिथे आपण कामाला यावे. आणि नुसत्या नोटरीच्या कागदावर खोली घेऊ नये. स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदल्याशिवाय मालकी येत नाही.

पैसे आपण देणार असू, तर खरेदीच्या करारातच आपलेही नाव घालावे, किंवा रक्कम बँकेतून देऊन हातउसने असल्याचा कागद करावा. "बापाला काय कागद मागायचा" हा मोठेपणा नंतर सुनेच्या आणि सासऱ्याच्या दोघांच्याही अंगाशी येतो.

बँक आणि पतसंस्था

डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२), कल्याण जनता (१९७३) या सहकारी बँका ज्या काळात उभ्या राहिल्या, त्याच काळात आपल्या मुलांची पहिली खाती तिकडे उघडली गेली. खाते कोणत्याही बँकेत असो, चार गोष्टी पाहाव्यात.

१. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात व प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो.

२. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्यापूर्वी ते १ लाखच होते.

३. हे संरक्षण नागरी सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. नावात 'सहकारी' आहे म्हणून दोन्ही सारख्या समजू नयेत.

४. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाची सोय संगणकावर सुरू केली आहे. शिकलेल्या नातवाला सांगून आजोबांचे नाव टाकून पाहावे.

मृत्युपत्र कसे करावे?

"मृत्युपत्र कशाला? मरणाची घाई झालीय काय?" असे घरची माणसे म्हणतात. पिकाचा विमा काढला म्हणून कोणी गारपिटीला बोलावत नाही. तसेच हे.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साध्या कागदावर, आपल्या मराठीत लिहिलेले चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले बरे. हरवण्याची आणि बदलण्याची भीती राहत नाही. मात्र पुढील गोष्टी काटेकोर पाळाव्यात.

सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करावा व त्यांनीही आपल्यासमोर सह्या कराव्यात. पुढे वाद झाल्यास किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते, म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण असावेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. वय झालेले असेल, तर शुद्धीत व समजून सही केल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी जोडावा.

मालमत्ता नावनिशीवार लिहावी. गट नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, फ्लॅटचा नंबर व इमारत, खाते नंबर. "माझे सर्व काही मुलांना" असे मोघम लिहू नये. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू व्यवस्थापक नेमावा. आणि कर्जही लिहावे. सोसायटीचे पीककर्ज, मुलाचे गृहकर्ज, हातउसने, सगळे. वारसाला मालमत्तेबरोबर देण्याचीही माहिती हवी.

स्वकष्टार्जित मालमत्ता पूर्णपणे देता येते. वडिलोपार्जितात मात्र फक्त स्वतःचा हिस्सा. कुळकायद्याची अट असलेली किंवा भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, तर आधी वकिलाला सातबारा दाखवावा. मृत्युपत्र कितीदाही बदलता येते. शेवटचे खरे धरले जाते.

मृत्युपत्रावर न्यायालयाचे प्रोबेट घ्यावे लागते, या भीतीने पुष्कळजण मागे सरतात. ती सक्ती मुंबई शहराच्या हद्दीत केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेच्या मृत्युपत्रांना होती. ठाणे, कल्याण, डोंबिवली त्या हद्दीबाहेर. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने सक्तीचे ते कलमही रद्द केले.

आपल्या मुस्लिम सभासद बंधूंसाठी नियम वेगळा आहे. वारसांच्या संमतीशिवाय मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. बाकीची वाटणी शरियतप्रमाणे होते.

मुलींचा वाटा

मुलीला वडिलोपार्जितात मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९४ सालीच कायदा केला; २००५ साली तो देशभर झाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पुऱ्या झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. तेव्हा बहिणीला न विचारता फेरफार करून घेण्याचे दिवस गेले. ती राजीखुशीने सोडत असेल, तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. साडीचोळीवर सही घेऊ नये. मुलगी लांब दिली म्हणून ती परकी होत नाही.

हयातीतच नावावर करून द्यावे का?

बक्षीसपत्र एकदा नोंदले की सहसा परत फिरत नाही. ते करायचेच असेल, तर "आमचा सांभाळ करावा" ही अट दस्तातच लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे, सांभाळ न केल्यास असा दस्त रद्द करून मागता येतो. त्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करतात. अट तोंडी असेल तर भांडण अवघड जाते. आमचा सल्ला असा की, डोक्यावरचे छप्पर आणि पोटापुरती जमीन हयातीत नावावरून काढू नये. त्यासाठी मृत्युपत्रच बरे.

या हंगामात करावयाची कामे

गळीत संपून बिल हाती येते तेव्हा चार दिवस सवड असते. तेव्हा सभासदांनी एवढे करावे:

१. कारखान्याच्या शेअर खात्यात जाऊन आपला नॉमिनी कोण आहे ते पाहावे. मयत असेल तर बदलावा.

२. आजोबा-वडिलांचे नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्यावा. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत देण्याचा नियम आहे. २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी. तेव्हा राहून गेले असेल, तर आता तलाठी म्हणजेच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जावे.

३. ठाणे-कल्याणकडे असलेल्या मुलाला व सुनेला बसवून हा लेख वाचून दाखवावा. लग्नाआधी लावलेले नॉमिनी त्यांनी बदललेत का, मृत्युपत्र केले आहे का, हे विचारावे. तरुणांनी मृत्युपत्र करू नये असा नियम नाही. १८ वर्षे पूर्ण झालेला कोणीही करू शकतो.

४. सर्व कागद एका पेटीत ठेवून ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगावे. त्यांतली एक बाईमाणूस असावी.

माणूस गेल्यावर धावाधाव करणे म्हणजे वरातीमागून घोडे. एक वकील, एक कागद आणि दोन साक्षीदार, एवढ्यावर काम होते. ज्या घराने तीन पिढ्या ऊस पिकवून मुलांना शहरात उभे केले, त्या घराची भावंडे कोर्टाच्या व्हरांड्यात समोरासमोर बसू नयेत, म्हणून हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नये, अशी सर्व सभासदांना विनंती आहे.